बैठक कोण बोलावणार?

तलासरी तालुक्यातील एखाद्या पाड्यावरच्या बाईला नवऱ्याने रात्री मारून घराबाहेर काढले, तर सकाळी तिने कोठे जावे, या प्रश्नाला कागदावर आज सात-आठ उत्तरे आहेत. पोलीस ठाणे आहे, ग्रामीण रुग्णालय आहे, अंगणवाडी आणि तिच्यावरचे बालविकास प्रकल्प कार्यालय आहे, पंचायत समिती आणि तहसील कचेरी आहे, मोफत वकील देणारी विधी सेवा समिती आहे, १८१ आणि ११२ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. ‘सखी’ नावाच्या केंद्रांची योजना १ एप्रिल २०१५ पासून देशभर जाहीर झालेली आहे. एवढी दारे असताना बाई प्रत्यक्षात जाते ती माहेरी. माहेर चार दिवस ठेवून घेते. मग दोन्हीकडचे पुरुष बसतात, काही बोलणे होते, आणि ती परत त्याच घरात पाठवली जाते.

याचे कारण बाईचे अज्ञान, असे शासकीय शिबिरांत सांगितले जाते. ‘जनजागृती’ हा शब्द नोकरशाहीला फार प्रिय आहे, कारण त्यात काम न होण्याचा दोष ज्याचे काम व्हायचे त्याच्यावरच जातो. आमच्या मते कारण वेगळे आहे. ही सारी दारे एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत. ठाण्यात एक हकिगत सांगायची, दवाखान्यात तीच पुन्हा सांगायची, कचेरीत तिसऱ्यांदा सांगायची, आणि प्रत्येक ठिकाणी ‘हे आमच्याकडे येत नाही’ असे ऐकून पुढच्या एस. टी.ची वाट पाहायची. २०२३ पासून स्त्रियांना एस. टी.त अर्धे तिकीट आहे, ही सोय खरीच आहे. पण चार कचेऱ्यांच्या चार फेऱ्या म्हणजे चार दिवसांची मजुरी, आणि ती कोणी अर्धी भरून देत नाही.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा अधिनियम २००५ साली संसदेने केला आणि तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याला दोन दशके होत आली. या कायद्याविषयी आपल्या कार्यकर्त्यांत एक समज रूढ आहे, की हा नवऱ्याला तुरुंगात घालण्याचा कायदा आहे. तो गैरसमज आहे, आणि त्याचे नुकसान बायका सोसत आहेत. तुरुंगाची तरतूद १९८३ साली भारतीय दंड संहितेत आलेल्या ४९८-अ या कलमाची. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या क्रमांकांनी आले आहे. २००५ चा कायदा आधी आदेश देतो: मारू नकोस, घरातून काढू नकोस, पोरांना तिच्यापासून तोडू नकोस, खर्चाला दे. हा आदेश मोडला, तर मात्र गुन्हा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. बाईला बहुधा हेच हवे असते. तिला कुडाच्या त्या घरात सुखाने राहायचे असते. नवरा कोठडीत गेला, तर कमावता हात गेला आणि वकील, जामीन यांचा खर्च अंगावर आला, हे तिला कोणा साहेबापेक्षा चांगले कळते.

याच कायद्याचे ११ वे कलम कार्यकर्त्यांनी मुद्दाम वाचावे. त्यात केंद्र व राज्य सरकारांवर असे बंधन घातले आहे, की विधी, गृह, आरोग्य आणि मनुष्यबळ या विषयांची खाती कौटुंबिक हिंसेच्या प्रश्नावर ज्या सेवा देतात, त्यांच्यात परिणामकारक समन्वय घडवून आणावा आणि त्याचा वेळोवेळी आढावा घ्यावा. खात्यांनी एकत्र बसणे ही काही कोणा सहृदय अधिकाऱ्याची मेहेरबानी नाही. ते कायद्याने घातलेले काम आहे. पण बाकीच्या कलमांत न्यायदंडाधिकारी, संरक्षण अधिकारी, ठाण्याचा प्रमुख असे माणूस ओळखता येईल असे शब्द आहेत, तर या कलमात ‘सरकार’ एवढाच शब्द आहे. जे काम सरकारचे ते तालुक्याच्या गावी कोणाचेच नसते.

कागदावरची साखळी कशी आहे, ते पाहू. मार खाल्लेली बाई किंवा तिच्या वतीने कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला खबर देऊ शकतो. चांगल्या हेतूने खबर देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे चौथे कलम स्पष्टच सांगते. अधिकाऱ्याने ठराविक नमुन्यात घटनेचा अहवाल करायचा, तो न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवायचा आणि त्याची प्रत पोलीस ठाण्याला द्यायची. बाईला मार लागला असेल, तर वैद्यकीय तपासणी करवून घ्यायची. राहायला जागा नसेल, तर निवारागृहात सोय लावायची. वकील मोफत मिळवून द्यायचा. विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे हा हक्क प्रत्येक स्त्रीचा आहे, उत्पन्नाचा दाखला न मागता. अर्जाची पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत, नोटीस दोन दिवसांत, निकाल पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न. आदेशाची प्रत पुन्हा ठाण्याला, तीही विनामूल्य. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी हा कागद चार खात्यांतून फिरेल, अशीच कल्पना केली होती. कागदाने फिरावे आणि बाईने थांबावे, हा त्याचा हेतू. आपल्याकडे बाई फिरते आणि कागद थांबतो.

तो कोठे थांबतो, हे डहाणू, घोलवड, वाणगाव, कासा आणि तलासरी या ठाण्यांच्या हद्दींत वावरणाऱ्या कार्यकर्त्यांना सांगायला नको. ठाण्यात ‘एन. सी.’ लिहून घेतली जाते. अदखलपात्र नोंद झाली, की प्रकरण संपले असे पोलिसाला वाटते आणि आता काही तरी होईल असे बाईला वाटते. पाचवे कलम पोलिसाला बजावते, की तिला संरक्षण अधिकारी, मोफत वकील आणि या कायद्याखालचा अर्ज यांची माहिती द्यावी. ही माहिती दिल्याची नोंद त्या एन. सी.वर असते काय, हे प्रत्येकाने ती हातात घेऊन पाहावे. दवाखान्यात केसपेपरवर ‘पडून लागले’ असे लिहिले जाते. कधी बाईच तसे सांगते, कारण नवरा दाराशी उभा असतो. कधी डॉक्टरला कोर्टाच्या तारखा नको असतात. पण त्या दोन शब्दांनी पुढच्या सगळ्या कचेऱ्यांतला पुरावा बाद होतो. आरोग्य खात्याच्या एका कागदावरची एक ओळ गृहखात्याचे काम अडवते, याहून समन्वयाच्या अभावाचे स्पष्ट उदाहरण आम्हाला देता येणार नाही.

संरक्षण अधिकारी हा या साखळीचा मधला दुवा. कायदा आला, तेव्हा अनेक राज्यांनी नवी पदे निर्माण करण्याऐवजी होत्याच अधिकाऱ्यांच्या नावापुढे ‘अतिरिक्त कार्यभार’ लिहून दिला. आधीच दहा योजना सांभाळणाऱ्या माणसाची ही अकरावी पाटी झाली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, की राज्यांनी महिला व बालविकास खात्यातील अधिकारी जिल्हा आणि तालुका पातळीवर निवडून त्यांना संरक्षण अधिकारी म्हणून नेमावे, आणि जेथे नेमणुका झालेल्या नाहीत तेथे त्या सहा आठवड्यांत कराव्यात. कायदा लागू होऊन अठरा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर ‘अधिकारी नेमा’ एवढेच सांगण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला बसावे लागते, यातून बायकांच्या प्रश्नाची सरकारदरबारी असलेली किंमत कळते. डहाणू आणि तलासरी येथील आपल्या शाखांनी तहसील कचेरीच्या आणि पोलीस ठाण्याच्या भिंतीवर या अधिकाऱ्याचे नाव, बसण्याची जागा आणि दूरध्वनी क्रमांक लावला आहे काय, हे आधी जाऊन पाहावे.

आता या भागाचे वेगळेपण. ते ध्यानात घेतले नाही, तर मुंबईत आखलेली प्रत्येक योजना येथे कोरडीच राहील.

वारली समाजात लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून जोडपी आधी घरोबा करतात, संसार थाटतात, मुले होतात आणि पैसा साठला की मग धवलेरीला बोलावून लग्न लागते. आईबापांचे आणि मुलांचे लग्न एकाच मांडवात, हे दृश्य या भागात नवलाचे नाही. अशी बाई कचेरीत गेली आणि कारकुनाने ‘लग्नाचा दाखला’ मागितला, की ती तेथेच संपते. वस्तुतः २००५ च्या कायद्याने ‘विवाहसदृश संबंध’ आपल्या कक्षेत घेतलेले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली इंद्रा शर्मा प्रकरणात अशा संबंधाच्या कसोट्या सांगितल्या: किती काळ एकत्र राहिले, घर आणि कमाई सामाईक होती काय, मुले आहेत काय, चारचौघांत नवराबायको म्हणून वावरले काय. वारल्यांचा घरोबा या साऱ्या कसोट्यांना उतरतो. आणखी एक गोष्ट आहे. हिंदू विवाह कायदा आणि हिंदू वारसा कायदा हे दोन्ही अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाहीत. तेव्हा आदिवासी स्त्रीच्या हाती कोणतीही अट न घालता येणारे जे थोडे कायदे आहेत, त्यांत हा अग्रक्रमाचा आहे. तिच्या बाजूने तो सर्वांत कमी वापरला जावा, हे दुर्दैव.

दुसरे वेगळेपण सरहद्दीचे. १९६० साली जुन्या उंबरगाव तालुक्याचे दोन तुकडे झाले. एक गुजरातेत गेला, उरलेला तलासरी झाला. राज्ये वेगळी झाली म्हणून सोयरीक थोडीच तुटते? मुली उंबरगावच्या बाजूला दिल्या जातात, दादरा-नगरहवेलीत दिल्या जातात, तिकडून इकडे येतात. वापी, भिलाड, उंबरगावच्या कारखान्यांत रोज माणसे जातात. मार पडतो एका राज्यात आणि माहेर असते दुसऱ्या राज्यात. मग दोन्ही ठाणी हद्दीचा वाद घालतात. २७ वे कलम सांगते, की बाई जेथे तात्पुरती राहते तेथेही अर्ज करता येतो, आणि त्या न्यायालयाचा आदेश भारतभर लागू असतो. हद्दीबाहेरचा दखलपात्र गुन्हासुद्धा नोंदवून मग योग्य ठाण्याकडे पाठवावा, हे नव्या फौजदारी प्रक्रियेत आता स्पष्ट लिहिलेले आहे. तरीही तलासरी, उंबरगाव आणि सिल्वासा येथील अधिकाऱ्यांनी एकमेकांशी बोलण्याची ठरलेली वाट हवीच. ट्रकमधून चोरून येणारी दमणची दारू पकडण्यासाठी सरहद्दीवर नाकी बसवता येतात. मग मार खाऊन सरहद्द ओलांडणाऱ्या बाईच्या कागदासाठी एक दूरध्वनी का करता येऊ नये?

दारूचा विषय आलाच आहे, तर एक गोष्ट स्पष्ट करू. दारूबंदी झाली की मारहाण थांबेल, असे सांगणारे पुष्कळ आहेत. दारूने मारणाऱ्याचा हात सैल होतो हे खरे. पण तोच माणूस प्यालेला असताना मुकादमावर हात उगारत नाही. कोणाला मारता येते आणि कोणाला नाही, याचे भान त्याला नशेतही असते. ‘पेसा’ कायद्याखाली ग्रामसभेला मादक पदार्थांवर नियंत्रणाचे अधिकार आहेत. ते वापरावेत, बायकांनी पुढे होऊन वापरावेत. परंतु त्यामुळे उत्पादनशुल्क खात्याचे काम होईल, संरक्षण अधिकाऱ्याचे होणार नाही.

तिसरी बाब जमिनीची, आणि तीच आमच्या चळवळीच्या सर्वांत जवळची. वनहक्क कायदाही संसदेने २००६ सालीच केला. त्यातील चौथ्या कलमात असे आहे, की विवाहित दावेदाराचा वनपट्टा नवराबायको दोघांच्या नावे संयुक्त नोंदवावा. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत जो किसान लाँग मार्च चालत गेला, त्यात रक्ताळलेल्या पायांनी चालणाऱ्या बायका साऱ्या देशाने पाहिल्या. त्या ज्या पट्ट्यासाठी चालल्या त्यावर त्यांचेही नाव आहे. पण घरातून हाकललेली बाई त्या शेतातूनही हाकलली जाते. पीक नवरा नेतो, आणि वर्षभराने कोणी दुसरी त्या घरात आली, तर पहिलीचे नाव कागदावर सुकत राहते. हा प्रश्न एका खात्याचा आहे काय? पट्टा महसूल आणि वन खात्याचा, योजना डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या, घरात राहण्याचा आदेश न्यायालयाचा, तो पाळला जातो की नाही हे पाहणारा पोलीस. जेव्हा कौटुंबिक हिंसेच्या बैठकीची चर्चा होते, तेव्हा महसूल आणि आदिवासी विकास खात्यांची नावेही कोणी घेत नाही. डहाणू-तलासरीत ही दोन खाती नसलेली बैठक अपुरीच म्हणावी लागेल.

आणि स्थलांतर. दिवाळी झाली की पाडे ओस पडू लागतात. वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जोडप्याने उचल घेतली जाते, आणि मग बाईला भट्टी सोडून माहेरी पळून येण्याची वाटही राहत नाही, कारण उचल दोघांच्या अंगावर असते. १९४५ पूर्वीच्या लग्नगड्याची आठवण येथे अपरिहार्य आहे. लग्नासाठी सावकाराकडून, जमीनदाराकडून कर्ज काढायचे आणि त्यापायी गड्याने, त्याच्या बायकोनेही जन्मभर राबायचे. आणि त्या बायकोच्या अब्रूवरही मालक हक्क सांगायचा. २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठबिगार, लग्नगडी करणार नाही असे ठरवून परतले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हे सारे लिहून ठेवले आहे. मालकाच्या हाताविरुद्ध उठलेल्या त्या लढ्यात बाई पुढे होती. घरातल्या हाताचा प्रश्न मात्र तेव्हापासून ‘नंतर पाहू’ या सदरात पडून राहिला.

येथे आम्हाला आपल्याच घराकडे वळणे भाग आहे. डहाणू-तलासरीत लाल बावट्याचे कार्यालय हे अनेक वर्षे ठाण्याच्या आधीचे दार आहे. ही विश्वासाची कमाई आहे. ज्या पोलिसांनी आणि जंगलखात्याने पिढ्यान् पिढ्या लुबाडले, त्यांच्यापेक्षा माणसे आपल्या संघटनेकडे येतात, यात नवल नाही. पण नवराबायकोचे भांडण आले की आपले काही कार्यकर्ते पंच होऊन बसतात. दोघांना समोर बसवतात, नवऱ्याला दम देतात, बाईला ‘पोरांकडे पाहून घे’ म्हणतात आणि समझोता लिहून दोघांचे अंगठे घेतात. देज परत द्यायचे की नाही, यावर पुरुषांत तासभर चर्चा होते. बाईला पुन्हा मार पडला तर कोणी कोठे जायचे, यावर पाच मिनिटेही होत नाही. जातपंचायतीच्या जागी पक्षाची बैठक आली, एवढाच फरक. या कायद्याखालील समुपदेशनाच्या नियमांत एक तरतूद आहे: मारहाण का केली याचे समर्थन करण्याची मुभा त्या पुरुषाला समुपदेशनात देता येत नाही. आपल्या बैठकांत बहुतेक वेळ त्या समर्थनातच जातो.

काही सहकारी यावर प्रामाणिक आक्षेप घेतात, आणि तो टाळण्यासारखा नाही. पोलिसाला पाड्यावर आपण होऊन बोलवायचे काय? ज्या यंत्रणेने गोळ्या घातल्या, खोट्या केसेस लावल्या, तिच्या हाती आपल्या गरीब माणसाला द्यायचे काय? मारणारा नवरा हाही वीटभट्टीवर पिळला जाणारा मजूरच आहे. आम्हाला हा आक्षेप समजतो. पण त्यात एक गृहीत धरलेले असते, की ‘आपला माणूस’ म्हणजे तो. मार खाणारी तितकीच मजूर आहे, तितकीच सभासद आहे, आणि मोर्चात तिची संख्या कमी नसते. शिवाय वर सांगितल्याप्रमाणे या कायद्याची पहिली पायरी कोठडीची नाही, ती संरक्षणाच्या आदेशाची आहे. पोलिसाच्या मनमानीवर उपाय म्हणजे बाईला त्याच्यापासून दूर ठेवणे नव्हे. संरक्षण अधिकारी, डॉक्टर आणि वकील हे त्याच प्रकरणात हजर असले, कागद चार ठिकाणी असला, तर एका फौजदाराला तो दाबता येत नाही आणि कोणाकडून पैसेही उकळता येत नाहीत. खाती एकत्र बसण्याची गरज आमच्यासारख्यांना यासाठीही वाटली पाहिजे.

एकत्र बसल्याने काय होते, याची उदाहरणे दूरची आहेत आणि जवळचीही. अमेरिकेतील डुलुथ या शहरात १९८१ च्या सुमारास पोलीस, न्यायालय आणि आसरागृहे यांनी एकाच नियमाने वागायचे ठरवले. ब्रिटनमध्ये कार्डिफ येथे २००३ पासून सर्वांत धोक्यातल्या बायकांच्या प्रकरणांवर पोलीस, आरोग्य आणि घरबांधणी विभागांचे लोक एका टेबलाशी बसून प्रकरणागणिक निर्णय घेऊ लागले. ते देश श्रीमंत आहेत, असे कोणी म्हणेल. मग मुंबईचे पाहावे. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी मिळून पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. तेथे बसणारे समाजकार्यकर्ते होते, पोलीस नव्हते, पण पोलिसाच्याच आवारात होते. २००० साली ‘सेहत’ ही संस्था आणि मुंबई महापालिका यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केले, कारण जी बाई ठाण्यात कधीच जात नाही ती जखम घेऊन दवाखान्यात मात्र येते. दोन्ही ठिकाणी पैसा थोडा लागला. लागली ती एका खात्याने दुसऱ्याला आपल्या आवारात खुर्ची देण्याची तयारी. मुंबईची लोकल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत येते. कासा आणि डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयांत व तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात अशी एक खुर्ची मागणे ही अवाजवी मागणी नव्हे.

हा प्रश्न केवळ आदिवासींचा, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे (२०१९-२१) महाराष्ट्रात १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २५ टक्के, म्हणजे चौघींपैकी एकीने नवऱ्याची हिंसा सोसलेली आहे. देशात हे प्रमाण २९ टक्के आहे. डहाणूच्या बाजारपेठेतील आणि बागायतीतील पक्क्या भिंतींआड तेच चालते, फक्त शेजाऱ्याला ऐकू येत नाही. उलट वारली बाईला काडीमोडीची आणि दुसऱ्या घरोब्याची जी मोकळीक आहे, ती कित्येक पांढरपेशा घरांत नाही. याच पाहणीत देशभरातील हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७७ टक्के जणींनी कोणाकडे मदत मागितली नव्हती आणि कोणाला सांगितलेही नव्हते. ज्या थोड्या जणी तोंड उघडतात त्यांच्यासाठीच ही यंत्रणा पुरी पडत नसेल, तर उरलेल्यांनी कशाच्या भरवशावर बोलावे?

अंगणवाडी सेविका आणि आशा यांच्याविषयी वेगळे लिहिणे जरूर आहे. समन्वयाचा कोणताही सरकारी आराखडा निघाला, की माहिती गोळा करण्याचे काम शेवटी यांच्याच गळ्यात पडते, कारण पाड्यावर पोचणारे सरकार म्हणजे याच दोघी. त्यांना पगार नाही, मानधन आहे. अंगणवाडी सेविकांना ४ डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून अधिक दिवस संप करावा लागला, तो उगाच नव्हे. त्या त्याच पाड्यावर राहतात. त्यांनी खबर दिली असे उघड झाले, तर दुसऱ्या दिवशी दगड त्यांच्या कुडावर पडेल. त्यांच्याकडून खबर घ्यायची असेल, तर नाव गुप्त राहील याची हमी, कामाचा मोबदला आणि खबर दिल्यावर दोन दिवसांत अधिकारी पाड्यावर येईल याची खात्री, या तीन गोष्टी आधी द्याव्यात. हेच पोलीस पाटलालाही लागू आहे; तो तर बहुधा मारणाऱ्याचा भाऊबंद असतो.

एखाद्या विधवेला भुताळी ठरवून दीर-पुतणे मारतात, तेव्हा भगताचे नाव पुढे होते आणि तिच्या जमिनीचा हिस्सा मागे लपतो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तो गुन्हा आहेच. पण सासरच्या घरात राहणाऱ्या स्त्रीवरची ती घरगुती हिंसाही आहे, आणि २००५ च्या कायद्याचे संरक्षण सून, सासू, बहीण, विधवा या साऱ्यांना आहे. ही प्रकरणे दोन कायद्यांच्या फटीत पडतात, तीही या बैठकीत आली पाहिजेत.

तेव्हा मागणी नेमकी करू. डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांत दरमहा ठरलेल्या दिवशी तहसीलदाराने ही बैठक बोलवावी. संरक्षण अधिकारी, ठाण्यांचे प्रमुख, तालुका आरोग्य अधिकारी, बालविकास प्रकल्प अधिकारी, गटविकास अधिकारी, विधी सेवा समितीचा वकील आणि आदिवासी प्रकल्पाचा प्रतिनिधी यांनी स्वतः हजर राहावे, कारकून पाठवू नये. त्या महिन्यात किती अहवाल झाले, किती न्यायालयात गेले, किती आदेश झाले, किती मोडले, हे नावे न घेता क्रमांकाने वाचले जावे आणि इतिवृत्त व्हावे. जिल्हाधिकाऱ्यांनी दर तीन महिन्यांनी पालघरला या इतिवृत्तांचा आढावा घ्यावा. १ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्हा वेगळा झाला तो प्रशासन जवळ यावे म्हणून. तलासरीच्या बाईला पालघर अजूनही साठ-सत्तर किलोमीटर आहे. निदान तिचा कागद तरी तेथे पोचावा.

आपल्या शाखांचे काम याहून सोपे नाही. भांडण घेऊन आलेल्या बाईसोबत एका स्त्री कार्यकर्तीने त्याच दिवशी संरक्षण अधिकाऱ्याकडे जावे, घटनेचा अहवाल करून घ्यावा आणि त्याची प्रत बाईच्या हाती देववावी. समझोत्याचा कागद पक्षाच्या कार्यालयात लिहिला जाऊ नये. मारहाणीची तक्रार पक्षाच्या सभासदाविरुद्ध असेल, तर ती तालुका समितीपुढे त्याच आठवड्यात यावी आणि तो कितीही लढाऊ, कितीही जुना असला तरी चौकशी होईपर्यंत त्याच्याकडे जबाबदारीचे पद असू नये.

पाडे रिकामे होण्यापूर्वी पहिली बैठक झाली, तर यंदाच्या मोसमाला तिचा काही उपयोग होईल. दोन्ही तालुका समित्यांनी तहसीलदारांना ११ व्या कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्यावेत, पोच घ्यावी, आणि पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास बायकांनी कचेरीत जाऊन ते तोंडी विचारावे. अर्जाची व पोचेची प्रत या साप्ताहिकाकडे पाठवावी. उत्तर आले काय आणि काय आले, ते आम्ही याच पानावर छापू.